देवीचा खांदा

बाबा, गेल्या महिन्यात तुझी मान आमच्या सेंटरच्या दारातून आत आली.

माणूस दुसराच होता. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारा, उत्तरेकडचा कुठला तरी. पण मान तुझी होती. शर्टाची वरची तीन बटणं उघडी, कारण ती लागणारच नाहीत अशी. कानांच्या खालून सुरू होऊन दोन्ही खांद्यांवर उतरलेला तो मांसाचा हार, मागे उशी ठेवल्यासारखा फुगवटा, दंड टरारलेले आणि खाली मनगटं मात्र काडीसारखी. मी काउंटरवर नंबर पुकारत होते, तशीच उठून उभी राहिले. तो म्हणाला, "मॅडम, अपना नंबर कब आयेगा?" आणि मी कुणाचा नंबर होता, कुणाचा नाही, काही न बघता त्याला सरळ आत पाठवला. बाकावर एक पोटुशी बाई बसली होती, ती माझ्यावर उखडली. "ओ मॅडम, आम्ही काय इथे पिकनिकला आलोय का?" बरोबर होतं तिचं. मी तिला पाणी आणून दिलं. हे सोनोग्राफीचं सेंटर खांदा कॉलनीत आहे. म्हणजे बघ, गाव सोडलं, गोवा केला, हिमाचलात हॉस्टेलच्या किचनमध्ये बटाटे सोलले, द्रोणागिरीच्या गोडाऊनमध्ये खोक्यांवर स्टिकर चिकटवले, आणि परत फिरून नोकरी मिळाली ती कुठे, तर खांद्यातच.

दुपारी आमची डॉक्टर डबा खायला बसली तेव्हा मी विचारलं. तरुण आहे, माझ्याच वयाची असेल, भाजी आवडली नाही की मला देते. म्हणाली, "चरबी आहे गं. नुसती चरबी, पण वेडीवाकडी वाढलेली. फार क्वचित दिसते. मीसुद्धा आतापर्यंत पुस्तकातच बघितली होती." मी विचारलं, कशाने होते? "नेमकं का ते नीटसं कुणाला कळलेलं नाही. काही घरांत जास्त दिसते. पण बहुतेक वेळा वर्षानुवर्षं भरपूर पिणारे पुरुष असतात." मग मी विचारलं, "त्यांच्या पायाला चटका बसला तर कळत नाही, असं पण होतं का?" तिचा घास हातातच राहिला. "तुला कसं माहीत?" म्हटलं, एक माणूस होता. कोण ते तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. डब्याचं झाकण उचलून धुवायला घेऊन गेले. ते तिचं काम, माझं नव्हे, पण मला तिथून उठायचं होतं.

एक माणूस होता. आपल्या गावात, गावदेवीच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा ज्याच्या घराचा, तो. आजोबांनी दिला, त्यांना त्यांच्या बापाने. तू मिठागरात मिठाच्या पाट्या वाहायचास तेव्हाचं मला आठवत नाही, मी जन्मले तोवर मिठागरं गेली होती आणि तू कंटेनर यार्डच्या गेटवर खुर्ची टाकून बसायला लागला होतास. मला आठवतं ते कॉलरपासून. मी चौथीत असेन. आई स्वयंपाकघरात खाली बसून तुझ्या शर्टाची कॉलर उसवते आहे, आणि तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी मधे घालून परत शिवते आहे. पुढच्या वर्षी आणखी एक पट्टी. तिसऱ्या वर्षी तिने सगळ्या शर्टांच्या कॉलरी कापूनच टाकल्या आणि त्या कापडाने आम्ही ओटा पुसायचो. तू आरशासमोर उभा राहून मानेवरून हात फिरवतोस आणि म्हणतोस, "पैलवान झालो बग." सोनाराने तुझी चेन वाढवून दिली, तरी ती त्या मांसात रुतून बसायची. अंघोळीच्या वेळी आई ती नखाने बाहेर काढायची.

देवीचं नाव आधी कुणी काढलं ते काही मला माहीत नाही. कुणी तरी म्हातारीच असणार. जत्रेला तू पालखी घेऊन दारात उभा, आणि तिने तुझ्या खांद्यावरच्या त्या गोळ्यावर हात ठेवला आणि तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला. "दांड्याची खूण हाय ही. देवीनं आपली गादी केली." झालं. त्या दिवसापासून ते गाठोडं तुझं राहिलं नाही, गावाचं झालं. पोराला दुबईचा व्हिसा पाहिजे, पोरगी खपत नाही, बंदरात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या प्लॉटच्या वाटपात नाव लागत नाही, की आले आपल्या ओटीवर. तू खुर्चीत बसायचास बिनकॉलरच्या शर्टात. बाया कुंकू लावायच्या, पुरुष डोकं टेकायचे. आणि मागणं मागायला रिकाम्या हाताने कोण येणार? देवीला काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक. पिशवीतून बाटली निघायची, तुझ्या पायाशी ठेवली जायची. संध्याकाळपर्यंत ती संपायची. खांदा वाढायचा. माणसं आणखी यायची.

हे आता लिहिताना इतकं सरळ दिसतंय की मला ओरडावंसं वाटतं. सगळा गाव मिळून एका आजाराला नैवेद्य दाखवत होता, आणि तो आजार त्या नैवेद्यावरच पोसला जात होता.

जत्रेच्या दिवशी तर विचारूच नको. पालखी उन्हं उतरताना देवळातून निघते, प्रत्येक उंबऱ्यावर थांबते, घरातली बाई भोयांचे पाय धुते आणि पितळेच्या पेल्यातून देवीचा घोट देते. आधी गावठी असायची. जमिनींचे पैसे आले तशी पेल्यात इंग्लिश आली, घरं वाढली तसे उंबरे वाढले. पेला परत पाठवायचा नाही, तो देवीचा अपमान. आपल्याही दारात पालखी थांबायची आणि आई वाकून तुझे पाय धुवायची. घरी रोज जी बाटली ती लपवायची, अंगणात फोडायची, एकदा तर विहिरीत टाकली तिने, तीच बाटली त्या दिवशी सगळ्यांसमोर पेल्यात ओतून तिने तुझ्या तोंडाला लावायची. मी तिच्या मागे तांब्या धरून उभी. तिचा हात कापायचा नाही. तेव्हा मला ते भक्तीमुळे वाटायचं.

तो निखाराही जत्रेतलाच. धुपाटण्यातून एक पडला आणि तू त्याच्यावर पाय ठेवलास. ठेवलास आणि उभाच. मला मांस जळल्याचा वास आला बाबा, मी अगदी जवळ होते. तू मात्र पेल्याची वाट बघत समोर बघतोयस. कुणी तरी ओरडलं, "संचार झाला! देवी आली!" आणि ढोल असे वाजले की बस. काका, तुझा धाकटा भाऊ, तुझ्या मागचाच भोई, तो तर रडायलाच लागला. दुसऱ्या दिवशी तळव्यावर भाकरीएवढा फोड, आणि तू ओटीवर पाय पसरून लोकांना तो दाखवतोयस. पाय मेले होते रे तुझे. दारूने मेले होते. देवी बिवी कुणी नव्हतं तिथे.

आणि तुला तो दिवस आठवतो का, मी विचारलं तो? नसेल. ओटीवर पाच-सहा माणसं, मी सातवीत. शाळेत कसलासा तपासणीचा कॅम्प होऊन गेला होता, त्यामुळे मी जरा डोळे उघडून बघत असेन. तुझ्याकडे बघता बघता सहज तोंडातून गेलं, "बाबा, पालखी तर तू उजव्याच खांद्यावर घेतोस. मग डावीकडे पण कशी काय आली गादी?" मग एक जण हसला, म्हणाला, "पोरगी वकील होनार तुजी." दुसरा म्हणाला, "देवीनं जोडी लावली, एकाच बाजूला बरी दिसत नाय." सगळे हसले. तू नाही हसलास. तू मला बोलावलंस, जवळ घेतलंस असं वाटलं, आणि त्या सगळ्यांसमोर इतक्या हळू बोललास की मला नुसते ओठच दिसले. "परत असलं इचारलंस तर शालेतून काढीन." मी बावीस शाळा सोडल्या असत्या बाबा, शाळेचं मला कधीच काही नव्हतं. पण तू घाबरला होतास. तुझ्या डोळ्यांत ते मी बघितलं, आणि घाबरलेल्या बापाला काय करायचं ते सातवीतल्या पोरीला कुठून कळणार.

त्याच आठवड्यात तू मला चाकांचा बूट आणून दिलास, एकच. यार्डात कुठलं तरी खोकं फुटलं होतं, त्यातून एका पायाचा स्केट घरंगळत तुझ्या खुर्चीशी आला म्हणे. लाल पट्ट्याचा, डाव्या पायाचा. मी दुसरा कुठेय विचारलं तर म्हणालास, "दुसरा जहाजावरनं येतोय." मी तो एक स्केट घालून गावभर फिरले. एक पाय घसरतोय, दुसरा ढकलतोय. बंदराच्या रस्त्यापर्यंत जायचे आणि ट्रेलरच्या रांगा बघत उभी राहायचे, दुसरा बूट यातल्या कुठल्या डब्यात असेल म्हणून. लोक मला विचारतात, तू एका जागी का टिकत नाहीस? काय सांगू. सांगितलं तर हसतील.

कुठे होते मी? हां. मग तू मेलास. मी दहावीत. रक्ताच्या उलट्या, रिक्षा, पनवेलच्या दवाखान्याच्या दाराशीच सगळं संपलं. गावात घरी आणलं तेव्हा बायांनी तुझ्या कपाळाला नाही, खांद्याला कुंकू लावलं. दोन्ही खांद्यांना. फोटोच्या काचेवरही अजून तिथेच लावतात. "देवीनं बोलावून घेतला," असं म्हणत म्हणत सगळा गाव जेवून गेला.

आता खरी गोष्ट. ती तुला सांगायचीच म्हणून हे लिहायला बसले, आणि चार पानं दुसरंच बोलले. काकाची मान भरायला लागली आहे.

तू गेल्यावर पुढचा उजवा खांदा त्याच्याकडे आला. माझी दहावीची फी, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं त्यानेच केलं. मी पळून जायचे आणि परत यायचे तेव्हा स्टेशनवर घ्यायला तोच यायचा, कधी विचारलं नाही कुठे होतीस म्हणून. "भूक लागली का बाय?" एवढंच. तू कधी विचारलंस असं मला आठवत नाही, पण ते जाऊ दे. गेल्या दोन जत्रांपासून त्याच्या कानाखाली तो फुगवटा दिसतोय. गाव खूश आहे. खुर्ची परत ओटीवर आलीये. बाटल्या यायला लागल्यात.

म्हणून ट्रेलरवाला आला त्या रविवारी मी गावाला गेले. आई चुलीशी तांदळाच्या भाकरी थापत होती, काका पाटावर जेवत होता. मी सगळं सांगितलं. चरबी, दारू, मेलेले पाय. म्हटलं, सोडलीस तर आहे तिथेच थांबेल बहुधा, डॉक्टर म्हणते. उद्या माझ्याबरोबर सेंटरला चल, नंबर मी लावते. काकाने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. आधी हसला. "तुज्या डाक्टरनीला देवी कधी दिसली हाय का?" मी म्हटलं, काका, बाबांना डावीकडे पण होती. पालखी कुठेय डावीकडे? आणि त्याचा चेहरा बाबा, अगदी तुझा झाला. तेच डोळे. हळूच म्हणाला, "म्हंजे माजा भाव देवमानूस नव्हता, बेवडा व्हता, असं बोलतेस तू?"

"होताच ना," मी म्हटलं.

तो ताटावरून उठला. भरल्या ताटावरून. दारात थांबून म्हणाला, "यंदाची जत्रा होऊ दे, मग बगू." तुझंही हेच वाक्य होतं. जत्रा होऊ दे, हळद होऊ दे, गणपती होऊ दे.

मी आईकडे वळले. तिने भाकरी उलटली. मग म्हणाली, "मना काय नवीन सांगतेस? बाटली आन् मान संगतीच वाढली, मी काय आंधली व्हते?" मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? लोकांना का नाही सांगितलंस? तिने पदराला हात पुसले. "सांगून काय झालं असतं? जमीन गेली, मिठागर गेला. गेटावरचा वाचमन, कोनी पन ट्रकवाला येऊन शिव्या देऊन जायचा त्याला. घरी येऊन खुर्चीत बसला की लोक पाया पडायचे. तेवडंच व्हतं त्याच्याकडं. ते मी काडून घेऊ?" आणि भाकरी भाजून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, "काडून घ्याया पायजे व्हतं."

मला तिचा राग येतो बाबा. तुझाही येतो. सगळ्यात जास्त त्या खुर्चीशी डोकं टेकून गेलेल्या माणसांचा येतो, ज्यांना व्हिसे मिळाले, प्लॉट मिळाले, आणि ज्यांच्यातल्या एकालाही असं वाटलं नाही की या माणसाला श्वास घेताना त्रास होतोय. रात्री तू उताणा झोपूच शकायचा नाहीस. भिंतीला टेकून बसून झोपायचास. त्यालाही ते देवीचा जागर म्हणायचे.

परवा जत्रा झाली. मी सुट्टी टाकून गेले. खरं तर सुट्टी मिळाली नव्हती, मी तशीच गेले, नोकरी राहील की नाही ठाऊक नव्हतं. वरून विमानं उतरत होती, खाली ढोल. काका पुढे उजवीकडे, बिनकॉलरचा नवा कोरा शर्ट. पहिल्या उंबऱ्यावर त्याने पेला घेतला आणि रिकामा केला. दुसऱ्यावर घेतला. मी पालखीच्या बाजूने चालत होते, त्याला दिसेन अशी, पण तो मला बघतच नव्हता. आपल्या दाराशी येईपर्यंत त्याचे पाय जड पडायला लागले होते. आई उंबऱ्यात उभी. मी तांब्या धरून तिच्या मागे, लहानपणासारखी. तिने वाकून दिराचे पाय धुतले, पेला उचलला, त्याच्या तोंडाला लावला. यंदा बाटली तिने सगळ्यांसमोर ओतली नव्हती, पेला आतूनच भरून आणला होता.

काकाने घोट घेतला आणि थांबला. पेल्यात नारळाचं पाणी होतं. बाकी कुणाला कळलं नाही, पितळेचा पेला, आत कोण बघतंय. त्या दोघांनाच माहीत, आणि मला, इतक्या जवळून दारूचा वास आला नाही म्हणून. त्याने आईकडे बघितलं. मला वाटलं आता तो पेला फेकणार, आता सगळ्या गावासमोर विचारणार की वयनी, देवीला पानी पाजतेस? मागचे भोई दांड्याखाली वाकलेले, ढोलवाला हात वर करून खोळंबलेला. काका तो पेला हळूहळू प्यायला, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. मनगटाने तोंड पुसलं. "देवी तुजं बरं करो वयनी," म्हणाला, आणि पालखी उचलली.

शेजारच्या उंबऱ्यावर त्याने पेला घेतला आणि तो दारूचाच होता, आणि तो त्याने रिकामा केला. त्याच्या पुढचाही. मी तिथून पुढे नाही गेले. आई उंबऱ्यातच बसली होती, तिच्याशेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "येक तर पानी गेला त्याच्या पोटात." सोमवारी सेंटरला ये म्हणून मी काकाला सांगून ठेवलं होतं. आज सोमवार होता. दिवसभर दार उघडलं की मी उभी राहत होते. तो आला नाही.

हे सगळं सोनोग्राफीच्या जुन्या पाकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय. गावात नेलं तर कुणी तरी तुझ्या फोटोसमोर ठेवून त्यालाही कुंकू लावेल, म्हणून नेणार नाही. माझ्या स्कूटरच्या सीटखाली राहील, पावसात भिजेल तेव्हा भिजेल. पण एक सांगते, कारण तू आता शाळेतून काढू शकत नाहीस. तो डाव्या बाजूचा प्रश्न विचारल्यानंतर काही दिवसांनी, दुपारची तू भिंतीला टेकून झोपला होतास, ओटीवर कुणी नव्हतं. मी जवळ आले आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवला. मऊ होता, गरम होता, मला वाटलं होतं दगडासारखा असेल. मीही मागणं मागितलं बाबा. मला खरंच वाटलं देवी असेल आत. तुझी दारू सुटू दे, एवढंच तिच्याकडे मागितलं, आणि हात कपाळाला लावला.